बाबांच्या वतीने

४ मार्च, दुपार

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे मला माहीत आहे, म्हणून फोन करत बसले नाही. मेल तू वाचतोस. वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी मी चौकशी केली तेव्हा 'बरी आहे' एवढं तरी उत्तर आलं होतं.

बाबा अतिदक्षता विभागात आहेत. आज सकाळपासून व्हेंटिलेटरवर.

काय झालं ते सरळ सांगते. प्रशिक्षक म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते रोज पोहण्याच्या तलावावर जातात. नव्या लोकांना पोहणं कळतं पण पाणी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंपघराची एक किल्ली त्यांनी अजून परत केलेली नाही आणि मागायची कोणाची हिंमत नाही. परवा त्यांनी स्वतःच पाण्यात औषध घालायला घेतलं. क्लोरीनचं द्रावण आणि ॲसिड, दोन्हींचे कॅन निळे. चष्मा अर्थातच खिशात. क्लोरीनच्या पिंपात त्यांनी ॲसिड ओतलं. लहानपणी आपल्या दोघांना त्याच पंपघराच्या दारात उभं करून, 'या दोघांची गाठ कधी पडता कामा नये' असं दरडावणारा माणूस हाच.

हिरवट धूर उठला तसे ते बाहेर आले. तिथेच थांबले असते तर कदाचित खोकल्यावर निभावलं असतं. पण पंप चालू राहिला तर तो वायू पोहणाऱ्यांपर्यंत जाईल, म्हणून श्वास रोखून पुन्हा आत गेले आणि पंप बंद केला. श्वास रोखण्याच्या बाबतीत स्वतःला कोण समजतात ते तुला मी काय सांगणार. वयाने त्यांचा अंदाज चुकवला. बाहेर येण्याआधीच त्यांनी श्वास घेतला.

पहिल्या दिवशी नुसता खोकला होता आणि घरी सोडा म्हणून आरडाओरडा होता. काल संध्याकाळपासून फुप्फुसं पाण्याने भरायला लागली. जन्मभर पाण्यात राहिलेला माणूस कोरड्या पलंगावर बुडायला लागला. हे मी कोणाशी बोलले नाही, तुलाच लिहितेय.

आता कामाचं. मी ज्या संशोधनात काम करते ते याच आजारावर आहे. आमच्या विभागाच्या डॉक्टरीणबाई तुला फोन करतील. नवा उपचार बाबांवर करायचा का, हे विचारतील. रुग्ण शुद्धीवर नसेल तर जवळच्या नातेवाइकाला विचारतात. मी त्या संशोधनात पगारी नोकर, त्यामुळे माझा होकार चालत नाही. आई नाही. उरलास तू.

मी तुझं मन वळवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून मी काही सांगत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतेय असं वाटत असेल तर वाटू दे. फक्त त्यांचा फोन उचल. परवा दुपारपर्यंतच हा उपचार सुरू करता येतो, नंतर उपयोग नाही.

घड्याळ

(बाबा मला अजून याच नावाने हाक मारतात. तू विसरला असशील.)


५ मार्च, सकाळ

दादा,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. 'त्यांच्या वतीने मी हो म्हणायचं? माझ्या वतीने ते आयुष्यभर हो म्हणत आले, मला कधी विचारलं होतं?'

नव्हतं विचारलं. मी काठावर स्टॉपवॉच घेऊन बसलेली असायचे, सगळं पाहिलंय. तू थंडीने निळा पडायचास आणि ते म्हणायचे, 'आणखी एक. बेडकाला थंडी वाजत नाही.' निवडीच्या शर्यतीत तू अर्ध्यावर थांबलास, पाण्याबाहेर आलास आणि ओल्या अंगाने फाटकाबाहेर चालायला लागलास, तेव्हा सगळा तलाव बाबांकडे बघत होता आणि बाबा माझ्या हातातल्या घड्याळाकडे. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. तू पाणीच सोडलंस. मी तुला कधी नावं ठेवली नाहीत.

डॉक्टरीणबाईंशी तू बोललास, पण 'विचार करतो' म्हणालास. त्यांनी सांगितलेलं डोक्यावरून गेलं असेल तर मी सोपं करून सांगते. समजावून सांगणं म्हणजे मन वळवणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलंय.

वायूने फुप्फुसाचं आतलं अस्तर जळालं. अंगातल्या लढाऊ पेशी तिकडे धावल्या. त्यांनी जळकं साफ करून परत फिरायला हवं होतं, पण त्या थांबतच नाहीत, चांगला भागही झोडपून काढतात. कुंपणच शेत खातं. व्हेंटिलेटर फक्त वेळ काढून देतो, बरं करत नाही.

आपल्याच रक्तात आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांना लांबलचक नाव आहे, आम्ही 'समजूतदार' म्हणतो. त्या लढणाऱ्यांना आवरतात. आम्हाला आधी वाटायचं त्यांचं काम तेवढंच. मग उंदरांत दिसलं की या पेशी काढून टाकल्या तर मारामारी थांबली तरी फुप्फुस भरून येत नाही. त्या एक रस सोडतात आणि त्याच्या जोरावर अस्तर नव्याने वाढतं. भांडण मिटवणं वेगळं आणि पडलेलं घर उभं करणं वेगळं. या दोन्ही कामांना त्या लागतात. नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तातून आम्ही त्या काढतो, वाढवतो, गोठवून ठेवतो. म्हणजे मीच ठेवते. गोठवण्याच्या टाकीतल्या बहुतेक पिशव्या माझ्या हातच्या आहेत.

माणसांत याचा उपयोग होतो का, ते अजून ठरायचंय. म्हणून निम्म्या रुग्णांना पेशी आणि निम्म्यांना नुसतं द्रावण. कोणाला काय गेलं हे वॉर्डातल्या डॉक्टरांनाही कळत नाही, फक्त आमच्या खोलीला कळतं. म्हणून बाबांसाठी होकार आला तर त्या दिवशी मला खोलीत पाय ठेवायला बंदी.

एक सांगायचं राहिलं. नळी घालायच्या आधी बाबांना थोडं बोलता येत होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, 'दादाला बोलाव. त्याला विचारा, तो सांगेल तसं करा.'

घड्याळ


५ मार्च, संध्याकाळ

दादा,

तू होकार दिलास असं आत्ताच कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तुझ्या भावाने आम्हाला चांगलंच उलटसुलट तपासलं. लिफ्टच्या दुरुस्तीतला आहे ना? ब्रेक कुठे आहे, तो निकामी झाला तर दुसरा कुठे आहे, हेच विचारत होता.' मी हसले. मग प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघवेना.

बाबा तसं म्हणाले नव्हते.

त्यांनी माझा हात धरला हे खरं. 'पंप बंद केलाय ना?' एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. मग नळी गेली. तुझं नाव निघालं नाही. माझंही नाही.

मी खोटं का लिहिलं? कारण तू नाही म्हणशील असं मला वाटलं. टाकीत माझ्या पिशव्या आहेत आणि माझा बाप वरच्या मजल्यावर आहे आणि मधे तू आहेस, फोन न उचलणारा. मला तुझा राग आला होता. अजूनही आहे. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडी वाक्यं घालून मिळवलेला होकार मला नको. बाबांनी तुझ्या वतीने हो म्हटलं तसंच मी त्यांच्या वतीने बोलून मोकळी झाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या घरातला पीळ माझ्यातही आलाय, हे आज कळलं.

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलंय. त्या चिडल्या. म्हणाल्या, 'तू पेशी वाढव गं, माणसं राहू दे.' तुझा होकार त्यांनी बाजूला ठेवलाय. उद्या सकाळी त्या तुला पुन्हा फोन करतील आणि पहिल्यापासून विचारतील. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. दुपारी मुदत संपते, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. नाही म्हणालास तरी बाबांची बाकीची काळजी तशीच घेतली जाईल, हे अगदी खरं आहे. मी आज जे काही खरं लिहितेय त्यात हेही धर.

मला भीती वाटते, दादा. उंदीर मेला तर मी वहीत खूण करते आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळते. आज सकाळी अतिदक्षता विभागाच्या काचेतून बघितलं, तर बाबांची छाती वरखाली होत होती आणि ती यंत्राच्या तालावर होत होती. त्यांच्या तालावर नव्हती. त्यांचा ताल मला पाठ आहे.

घड्याळ


६ मार्च, रात्र

दादा,

सकाळी दिलेलं तुझं उत्तर मी इथेही लिहून ठेवते, कारण ते मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतंय: 'खोटं बोलायचं तर नीट अभ्यास करून बोलावं. बाबांनी मला जन्मात कधी दादा म्हटलंय का? बेडकाला बोलाव म्हणाली असतीस तर फसलो असतो. तुझं ते वाक्य वाचताक्षणी कळलं होतं. होकार मी बाईंशी बोलून दिला, तुझ्या थापेवर नाही. आज परत तोच दिलाय.'

मी वाचून प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून हसले आणि मग बराच वेळ रडले. दोन मुली वरून खाली गेल्या, एकीनेही विचारलं नाही. बऱ्या आहेत पोरी.

एवढं कळलं होतं तर काल मला तसं लिहायचं तरी होतंस. पण तुझंही बरोबर आहे. मला माझ्याच तोंडाने ते सांगू दिलंस.

दुपारी बाबांना पिशवी चढवली. मला आमच्या खोलीत जायला बंदी होतीच. आता बाबांचा निकाल लागेपर्यंत या संशोधनातूनच मला बाहेर काढलंय. खोटं बोलल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी वरिष्ठांना कळवलं. तसं त्यांनी केलंच पाहिजे. सध्या मी दुसऱ्या खोलीत उंदरांच्या फुप्फुसांच्या काचपट्ट्या बघत बसते. नुसते क्रमांक असतात, कोणता उंदीर कोणत्या गटातला ते कळत नाही. कुठे अस्तर भरलंय, कुठे नाही, एवढंच लिहायचं.

संध्याकाळी बाबांना बघायला गेले. नर्स म्हणाली, 'खोलीत लसणासारखा वास येतोय, कोणी काय आणलं का?' म्हणजे पेशीच गेल्या, असं मला वाटलं. पेशी गोठवताना जे औषध घालतो त्याचा वास रुग्णाच्या अंगाला तसाच येतो. मग आठवलं, नुसत्या द्रावणातही तेच औषध मुद्दाम घालतात, वासावरून कोणाला ओळखता येऊ नये म्हणून. ते घालायची सूचना मीच केली होती. स्वतःच्याच शहाणपणाने माझं तोंड बंद केलं.

मी त्यांच्या पायाशी उभी राहून तो वास घेतला. आवडला नाही, पण घेतला.

घड्याळ


१९ मार्च

दादा,

तुझ्याकडून काहीच आलं नाही. मी मागितलंही नाही. मधल्या दिवसांचं थोडक्यात लिहिते.

आधी काहीच बदललं नाही. मग एक दिवस ताप चढला आणि डॉक्टरांचे चेहरे लांब झाले. त्या दिवशी मी तुला एक मेल लिहिली आणि पाठवली नाही. त्यात 'ये' एवढंच होतं. त्यानंतर ऑक्सिजन कमी करता यायला लागला. थोडा, मग आणखी थोडा. काल नळी काढली.

लोक मला विचारतात, तुमच्या पेशींनी केलं ना? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. माझ्या पिशवीने केलं असेल. त्यांच्या स्वतःच्या अंगातल्या समजूतदार पेशींनी केलं असेल. म्हणजे त्यांच्या अंगात असं काही समजूतदार आहे यावर विश्वास ठेवायचा झाला तर. सगळ्या रुग्णांचे निकाल एकत्र लागतील तेव्हाही एकट्या बाबांबद्दल काही सिद्ध होणार नाही. इतकी वर्षं लोकांना हे मी शांतपणे समजावत आले. आता माझीच पाळी आली तर मला फार राग येतोय.

नळी निघाल्यावर पहिलं वाक्य अर्थात 'पंपघर कोण बघतंय?' आवाज खडू फळ्यावर ओढल्यासारखा. किल्ली मी तलावाच्या व्यवस्थापकाला परत करून आलेय. ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

घड्याळ


२२ मार्च

दादा,

आता जे लिहितेय ते वाचून तू म्हणशील, लांडगा आला रे आला. तुझा काही दोष नाही. म्हणून घडलं तसं, शब्दाला शब्द लिहिते. पदरचं काही घालत नाही. साक्षीला व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांचा नंबर खाली देते, हवं तर त्यांना विचार.

बाबांना एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलंय. तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक गोळा. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळे वर जातात. चांगलं फुप्फुस तिन्ही गोळे उचलतं. बाबांचा पहिलाही जागचा हलला नाही. बाई म्हणाल्या, 'काका, हळूहळू. पोटातून.' बाबा त्यांच्याकडे असे बघत होते की मला आपली जुनी पोहण्याची बॅच आठवली. या माणसाने गावभरच्या पोरांना पोटातून श्वास घ्यायला शिकवलंय.

पुन्हा ओढला. पुन्हा काही नाही. यंत्र त्यांनी चादरीवर टाकलं. मला वाटलं आता शिव्या. पण माझ्याकडे न बघता म्हणाले, 'बेडकाला बोलाव.'

मी म्हटलं, 'कशाला?'

म्हणाले, 'हिला शिकवता येत नाही.'

बाई हसल्या. बाबा हसले नाहीत. दोन शब्दांमध्ये धाप लागत असताना म्हणाले, 'माझं मला आठवत नाही. त्याला मी सगळं शिकवलं होतं. त्याच्याकडे असेल.'

एवढंच. माफी नाही, चूक झाली नाही, तब्येत कशी आहे त्याची हे नाही. बाबा डोळे मिटून पडून राहिले. बाईंनी यंत्र उचलून पुसून टेबलावर ठेवलं.

तू यावंस असं मला वाटतं. हे मी या वेळी लपवत नाही, इथे नियमही नाही. पण त्यांना मी काही कबूल केलेलं नाही. तुला लिहितेय हेही बोलले नाही. तू आला नाहीस तर त्यांना कळणारच नाही की तुला विचारलं होतं, आणि तुला दुसऱ्यांदा फाटकाबाहेर चालत जावं लागणार नाही.

घड्याळ


२६ मार्च, रविवार

(दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

दादा,

तुझा 'रविवारी पोचतो' हा निरोप पाहिला आणि ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले, का ते माझं मलाच कळलं नाही.

मी दवाखान्यात आहे. किल्ली मीटरच्या डब्यात, तुझ्या वेळी असायची तिथेच. चहाचं सामान ओट्यावर. बॅग टाक, आंघोळ कर आणि ये. भेटीची वेळ संध्याकाळची. चौथा मजला. लिफ्ट कुरकुरते, तिथे दुरुस्ती करत बसू नकोस.

तू येतोयस हे काल सांगितलं. बाबा म्हणाले, 'बरं.' मग सकाळपासून यंत्र हातात घेऊन बसलेत. पहिला गोळा अर्ध्यापर्यंत जातो आणि पडतो. दार वाजलं की यंत्र उशीखाली लपवतात. तू आलास की बघितलं नाही असं दाखव.

त्यांनी माझ्याकडे स्टॉपवॉच मागितलं होतं. बेडूक येतोय तर वेळ लावायला हवी, म्हणाले. ते हरवलं असं मी सांगितलंय. ते माझ्या कपाटात आहे. खोटं बोललेय, तुला आधीच सांगून ठेवते.